विसाव्याची जागा

मराठीत थकण्याचे शब्द निर्दोष आहेत. माणूस दमतो, भागतो, शिणतो, त्याची दमछाक होते. यांपैकी एकाही शब्दात त्याच्यावर ठपका नाही. उलट ‘थकूनभागून आला आहे’ असे म्हणताना आपल्या आवाजात माया असते. थांबण्याचे शब्द मात्र तितके निरागस नाहीत. ‘बसून असतो’, ‘पडून असते’, ‘लोळत असतो’, ‘बसून खातो’ हे शब्दप्रयोग शरीराच्या स्थितीचे वर्णन करता करता माणसाच्या चारित्र्याचा निवाडाही करून टाकतात. भाषाविज्ञानाची अभ्यासक म्हणून या फरकाचे मला फार पूर्वीपासून कुतूहल होते. पुढे माझ्या शरीरानेच ते कुतूहल रोजच्या जगण्याच्या प्रश्नात बदलून टाकले. ज्याचे सारे आयुष्य चाकाच्या खुर्चीत जाणार आहे, त्याच्या कानांवर ‘बसून खातो’ हा वाक्प्रचार कसा पडत असेल? दुपारी तासभर आडवे झाल्यावाचून जिला संध्याकाळ निभावता येत नाही, तिने ‘पडून असते’ या शब्दांचे काय करावे? या प्रश्नांचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या आरंभीचा तो काळ. करवीर तालुक्यातील आमच्या गावात लसीचे थेंब अजून घरोघरी पोहोचले नव्हते. डावा पाय कायमचा दुबळा झाला आणि सातव्या वर्षी त्याला कॅलिपरचा आधार मिळाला. वडील शेतकरी होते, फार शिकलेले नव्हते. पण ‘पोरीने स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे’ हा त्यांचा ध्यास होता. माझ्या बाबतीत या वाक्प्रचाराचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ एकच होता. शाळेचा चढ, कोल्हापुरातील महाविद्यालयाचे जिने, एस.टी.ची उंच पायरी हे सारे मी चढत गेले. विद्यावाचस्पती झाले, प्राध्यापक झाले. सलग तीन तास उभे राहून शिकवण्याबद्दल सहकारी कौतुक करीत. हे कौतुक खरे होते आणि मला ते आवडतही असे.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चित्र बदलू लागले. दुपारी तीनच्या सुमारास अंगातली वीज अचानक गेल्यासारखे होई. ज्या उजव्या पायाने आयुष्यभर दोघांचे काम केले, तोच आता जिन्यावर थरथरू लागला. रात्रीच्या झोपेने हा थकवा जात नसे. मज्जाविकारतज्ज्ञांनी तपासण्या करून सांगितले, की याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील, स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी मारून टाकतो. त्यांच्या अमलाखालचे स्नायुतंतू अनाथ होतात. मग वाचलेल्या चेतापेशी नवे फाटे फोडून या अनाथ तंतूंना सांभाळू लागतात. मेलेल्या भावाची मुले आणि शेत दोन्ही अंगावर घेणाऱ्या थोरल्या भावासारखे हे असते. तो कर्ता पुरुष वर्षानुवर्षे दोन संसार ओढतो आणि गावाला वाटते, सारे सुरळीत आहे. साधारणपणे पंधरा ते चाळीस वर्षांनी मात्र या पेशी त्या भाराने खचू लागतात, फाटे वाळू लागतात आणि जुने दुबळेपण नव्याने समोर उभे राहते.

यावर नेमके औषध नाही. डॉक्टरांनी दिलेला सल्ला एका ओळीचा होता: दमण्यापूर्वी थांबायचे. ऐकायला सोपा वाटणारा हा सल्ला आपल्या भाषेच्या सवयीविरुद्ध जाणारा आहे. आपण नेहमी ‘दमल्यावर बसावे’ असे म्हणतो. ‘दमल्यावर’ हे कृदंत आधी येते आणि बसण्याचा अधिकार त्यामागून. विश्रांती हे श्रमाचे फळ आहे, ती आधी कमवावी लागते, हा विचार या साध्या वाक्यरचनेत मुरलेला आहे. पोलिओतून उठलेल्या शरीराला हा क्रम परवडत नाही. दमून थांबले, तर जे खर्च झाले ते भरून येईलच याची खात्री नसते.

भारतात वन्य पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्यामुळे पोलिओ आपल्या स्मरणातून जाऊ लागला, हेही खरे. पण १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू होण्यापूर्वी ज्यांना हा आजार झाला, ती मुले आज चाळिशी, पन्नाशी, साठीत आहेत. ती आपल्या आसपास कचेऱ्यांत, दुकानांत, शिवणयंत्रांवर आणि मुक्त विद्यापीठाच्या वर्गांतही आहेत.

मी दुपारी घरी येऊन आडवी होऊ लागले, तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्या आठवड्यात विचारले, “बरं नाही का गं?” दुसऱ्या आठवड्यातही त्यांनी तेच विचारले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारणे सोडले, पण त्यांच्या नजरेत एक वेगळा प्रश्न आला. बाईमाणसाने दिवसा आडवे होण्याची आपल्याकडे दोनच कारणे मानली जातात: आजार किंवा आळस. आजाराला मुदत असते. ती उलटून गेली की उरतो आळस. आजारी नाही, आळशीही नाही आणि तरीही रोज आडवे व्हावे लागते, अशा माणसासाठी आपल्या मनात खणच नाही. अपंग व्यक्तीच्या विश्रांतीची खरी अडचण येथे आहे. तिला वेळ मिळत नाही हे खरेच; पण वेळ मिळाला तरी तिला तो सन्मानाने घेता येत नाही.

वास्तविक कोल्हापूरच्या मातीला हा तिसरा खण अपरिचित नाही. हे पैलवानांचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे कुस्ती वाढली, खासबागेचे मैदान उभे राहिले, पेठापेठांतून तालमी नांदल्या. या तालमींतला दिनक्रम पाहावा. पहाटे जोर-बैठका, लढत, मग खुराक, मालिश आणि त्यानंतर दुपारची गाढ झोप. दुपारी झोपलेल्या पैलवानाला कोणी आळशी म्हणत नाही. उलट वस्ताद त्याची झोप राखतो, कारण सकाळी केलेली मेहनत त्या झोपेत अंगी लागते हे त्याला ठाऊक असते. व्यायामात ताणलेला स्नायू विश्रांतीतच दुरुस्त होतो आणि वाढतो, असे आजचे शरीरशास्त्रही सांगते. तालमीत झोप ही मेहनतीचाच भाग आहे.

आमच्या भागात पोळ्याऐवजी बेंदूर साजरा करतात. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवले जात नाही. खांदेमळणीला त्याच्या मानेखांद्याला हळद आणि तेल-तूप चोळतात; नेमक्या ज्या जागी वर्षभर घट्टे पडले, ती जागा हाताने शोधून मळतात. लहानपणी मी वडिलांना हे करताना पाहिले आहे. पैलवानाचे आणि बैलाचे शरीर कष्ट करते, ते आपल्याला डोळ्यांनी दिसते. म्हणून त्यांची विश्रांती आपल्याला पटते. अपंग शरीराचे कष्ट दिसत नाहीत. कॅलिपर लावून चाललेली दहा पावले धडधाकट माणसाच्या दहा पावलांएवढीच दिसतात. त्यांत किती अधिक बळ खर्च झाले, हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि न दिसलेल्या श्रमांचा विसावा त्याला अवाजवी वाटतो.

‘विसावा’ या शब्दाचा प्रवास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृत ‘विश्राम’ प्राकृतातून मराठीत आला. ‘ग्राम’चे ‘गाव’ झाले, ‘नाम’चे ‘नाव’ झाले, त्याच ध्वनिनियमाने ‘विश्राम’मधील ‘म’चा ‘व’ झाला आणि ‘विसावा’ घडला. मुळात ‘वि’ आणि ‘श्रम्’ असे त्याचे घटक. म्हणजे विसाव्याच्या पोटात श्रमच आहे. ‘आराम’ हा शब्द या अर्थाने आपल्याकडे फारसीतून आला आणि मराठीने त्याला एक सुंदर वळण दिले. ‘औषधाने आराम पडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘बरे वाटले’ असा असतो. विश्रांती आणि प्रकृतीला उतार पडणे, या दोन्ही गोष्टी मराठी माणूस एकाच शब्दात सांगत आला आहे. भाषेच्या जुन्या थरांत हे शहाणपण शिल्लक आहे. वरच्या थरांत मात्र ‘आरामात आहेस ना?’ या प्रश्नाला उपरोधाची धार आली आहे.

कोल्हापूरच्याच नसीमा हुरजूक यांचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. ऐन उमेदीच्या वयात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे त्यांनी केंद्र शासनाच्या अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात उभी केली. अपंग मुलांसाठी वसतिगृह, शाळा, प्रशिक्षण आणि रोजगार असा तिचा विस्तार होत गेला. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांनी मोठ्या आस्थेने वाचले. अशा आयुष्याकडे आपण ‘जिद्द’ या एकाच शब्दातून पाहतो. मात्र पाठीच्या कण्याला इजा झालेल्या कोणाही व्यक्तीच्या जिद्दीखाली एक अत्यंत काटेकोर दिनक्रम असतो. संवेदना गेलेल्या भागावर सतत भार राहिला, तर तेथील रक्तपुरवठा थांबून शय्याव्रण होतात आणि ते जिवावर बेतू शकतात. म्हणून खुर्चीत बसलेल्याने थोड्या थोड्या वेळाने हातांवर शरीर उचलून भार हलका करायचा असतो आणि अंथरुणावरच्या रुग्णाची कूस सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते.

कूस बदलण्याची ही शिस्त रूढ करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे कण्याच्या जखमींसाठी विभाग सुरू केला. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिक तेथे येत. त्यापूर्वी अशा जखमींपैकी बहुतेक जण फार काळ जगत नसत. रात्रंदिवस दोन-दोन तासांनी कूस बदलण्याच्या कंटाळवाण्या कामाने ते जगू लागले. त्याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ मध्ये चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांच्या स्पर्धा भरल्या आणि त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धा विकसित झाल्या. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पदकाची कथा सांगताना आपण जलतरण तलावापासून आरंभ करतो. ती अंथरुणावर बदललेल्या कुशीपासून सांगितली, तर अधिक पूर्ण होईल.

बाबा आमटे यांचे उदाहरणही असेच आहे. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसणे जवळजवळ अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच पर्याय उरले होते. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा तरुण मुले सायकलींवर होती आणि बाबा वाहनात केलेल्या बिछान्यावर आडवे होऊन प्रवास करीत होते. मुक्कामी ते उभे राहून बोलत. त्यांच्या आडवे होण्याला कोणी ‘पडून असणे’ म्हटले नाही. अंथरूण हेच त्यांच्या प्रवासाचे साधन होते. पण बाबा आमटे यांना जे मिळाले, ते एखाद्या कारकुनाला, शिक्षिकेला, दुकानातल्या विक्रेत्याला मिळते का, हा खरा प्रश्न आहे. असामान्य अपंग व्यक्तीची आपण पूजा करतो आणि सामान्य अपंग व्यक्तीची कीव करतो. या दोहोंच्या मधे, रोज काम करणाऱ्या आणि रोज थकणाऱ्या माणसाला जागा उरत नाही. ‘दिव्यांग’ हा शब्द सन्मानाच्या हेतूने रूढ झाला, हे मी जाणते. तरी दिव्य अंगाला थकवा येण्याची मुभा असते का, अशी शंका मनात येतेच.

आतापर्यंत दिसणाऱ्या अपंगत्वाविषयी लिहिले. ज्यांचे वेगळेपण मेंदूच्या घडणीत आहे, त्यांचा प्रश्न याहून बिकट होतो, कारण तेथे कॅलिपर नाही आणि खुर्चीही नाही. स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, अवधान टिकवण्यातील अडचण अशा निरनिराळ्या घडणींना मिळून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संज्ञा पुढे आली. मेंदूंची घडण एकसारखी नसते आणि हे वैविध्य मानवी समाजात असणारच, असा तिचा आशय. यांपैकी ‘स्वमग्न’ हा मराठी शब्द मला पुरेसा वाटत नाही. स्वतःतच बुडालेला, बाहेरच्याशी देणेघेणे नसलेला माणूस त्यातून डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न व्यक्तींचा अनुभव उलट असतो: बाहेरचे जग त्यांच्यापर्यंत कमी नव्हे, फार जास्त पोहोचते.

आमच्या अभ्यासकेंद्रावर बत्तिशीची एक विद्यार्थिनी होती. एका कार्यालयात संगणकावर नोंदी करण्याचे काम ती चोख करीत असे. ती स्वमग्न असल्याचे निदान तिच्या एकोणतिसाव्या वर्षी झाले होते. रविवारच्या संपर्कसत्रांना ती न चुकता येई, प्रश्न विचारी, सर्वांशी हसून बोले. सोमवारी मात्र ती रजा घेई, खोलीचे पडदे ओढून घेई आणि दिवसभर कोणाशीही बोलत नसे. वहीत ठिपके मांडून एकच रांगोळी ती पुन्हा पुन्हा काढत राही. घरच्यांना वाटे, रांगोळी काढता येते, मग स्वयंपाकघरात का येता येत नाही? हे शिक्षणाचे खूळ सोडून दे, म्हणजे सोमवारही नीट जातील, असा सल्ला तिला मिळू लागला. एकदा तिने मला जे सांगितले, ते मी विसरलेले नाही. ती म्हणाली, “मॅडम, रविवारी मी दोन विषय शिकते. एक मराठी आणि दुसरा माणसांत कसं बसायचं तो. दुसऱ्याचा पेपर रोजच असतो, त्याचे गुण मात्र कुणी देत नाही.”

तिच्या त्या दुसऱ्या विषयाचा अभ्यासक्रम मोठा होता. ट्यूबलाइटची थरथर, पंख्याचा आवाज, चाळीस जणांची कुजबुज आणि शेजारणीच्या गजऱ्याचा वास, हे सारे एकाच तीव्रतेने अंगावर येत असताना ते येत नाही असे दाखवणे. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे, याचा मनात हिशेब ठेवणे. कोणता विनोद केव्हा संपला, हे ओळखून वेळेवर हसणे. इतरांना जे आपोआप जमते, ते तिला प्रयत्नपूर्वक करावे लागे. सोमवारची रांगोळी हा तिचा विसावा होता. ठिपक्यांची जाळी ठरलेली असते, पुढची रेघ कोठे जाणार हे माहीत असते, तिच्यात कोणी अनपेक्षित बोलत नाही.

यावरून विसाव्याविषयी आणखी एक गोष्ट कळते. तो सर्वांसाठी एकसारखा नसतो. माझ्या स्नायूंना आडवे होणे हवे असते. त्या विद्यार्थिनीला अंधार, शांतता आणि पुनरावृत्ती हवी होती. ज्याचे अवधान सतत धावते, त्याला निश्चल पडून राहण्याने अधिकच शीण येऊ शकतो. त्याला रंकाळ्याच्या काठाने भराभर चालणे हाच विसावा वाटू शकतो. हात गुंतलेले आहेत, म्हणजे माणूस विसावलेला नाही, असे बाहेरून ठरवता येत नाही.

वाचनाचे श्रमही असेच अदृश्य असतात. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते. पण उच्चारात ‘इ’ हा स्वर ‘क्’नंतर येतो. डोळ्यांना आधी दिसलेले जिभेने नंतर उच्चारायचे असते. त्यात जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ. सराव झालेल्या वाचकाला याची जाणीवही होत नाही. वाचनाची अक्षमता असलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला मात्र प्रत्येक ओळीत ही उलथापालथ जाणीवपूर्वक करावी लागू शकते. त्याने दहा पाने वाचली, तेव्हा त्याचे श्रम दहा पानांचे नसतात.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत आणि विद्यार्थ्यांनी ती जाणून घ्यावीत. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते एकवीस झाले. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश झाला. या कायद्यातील ‘वाजवी सोय’ ही संकल्पना महत्त्वाची आहे: अवाजवी भार न पडता करता येण्याजोगा आवश्यक बदल नाकारणे हा भेदभाव ठरतो. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र अपंग परीक्षार्थींना परीक्षेत दर तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ द्यावयाचा असतो. म्हणजे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला एक तास अधिक मिळतो. हा तास दयेचा नाही, हक्काचा आहे, आणि तो मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

तरीही एक उणीव राहते. जादा वेळ परीक्षागृहाच्या दारापर्यंतच सोबत येतो. चार तास लिहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हात उचलत नाही, त्याचे काय? सलग तीन दिवस तीन पेपर असले, तर जादा मिळालेला तास हा श्रमाचाही जादा तास ठरतो. कामाला अधिक वेळ देणे आणि कामानंतर सावरायला वेळ देणे, या दोन वेगळ्या सोयी आहेत. पहिली आपण मान्य केली आहे. दुसरीचे नाव अजून आपल्या वेळापत्रकांत नीट लिहिलेले नाही.

येथे आणखी एका कठोर वास्तवाकडे पाहिले पाहिजे. मला पगारी रजा आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या अपंग बाईला विसाव्याचा दिवस म्हणजे हजेरीचा एक दिवस गमावणे असते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा धुण्याभांड्याला जाणाऱ्यांना ‘दमण्यापूर्वी थांबा’ हा सल्ला ऐकवणे सोपे आहे. त्यांच्या चुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून विसावा ही केवळ वैयक्तिक शहाणपणाची गोष्ट राहू शकत नाही. घर, कामाची जागा, शिक्षणसंस्था आणि शासन यांनी मिळून त्याचा भार उचलावा लागतो. एकट्याने घेतलेला विसावा नेहमीच चोरून घेतल्यासारखा वाटतो.

या संदर्भात मला वारीची रचना फार बोलकी वाटते. आळंदीहून निघालेली पालखी एका दमात पंढरपूर गाठत नाही. सकाळचा विसावा कोठे, दुपारचे भोजन कोठे, रात्रीचा मुक्काम कोठे, हे आधीच ठरलेले असते. पुण्यासारख्या ठिकाणी दोन रात्रींचा मुक्काम असतो. वाटेवर ‘पालखी विसावा’ या नावाच्या जागाच आहेत. कोणता वारकरी थकला आणि कोणता नाही, याची चौकशी करून पालखी टेकवली जात नाही. जागा आली की सर्वजण थांबतात. त्यामुळे ज्याचे पाय खरोखरच भरून आले आहेत, त्याला तसे जाहीर करावे लागत नाही. विसावा वाटेच्या रचनेतच असला, म्हणजे दुर्बळाला सवलत मागावी लागत नाही आणि सबळाचे काही बिघडत नाही.

वारकरी परंपरेत संत कूर्मदासांची कथा सांगतात. हातपाय नसलेले हे पैठणचे भक्त सरपटत पंढरीला निघाले. माढा तालुक्यातील लऊळपर्यंत ते पोहोचले आणि तेथे शरीराने पुढे येण्यास नकार दिला. तेव्हा विठ्ठलच त्यांना भेटायला लऊळला आला, अशी श्रद्धा आहे. कीर्तनांतून या कथेत बहुधा त्यांच्या निर्धाराची थोरवी गायली जाते. मला त्या कथेतले दुसरे अंग अधिक मोलाचे वाटते. उरलेले अंतर त्यांनी कसेबसे कापावे, अशी अट देवाने घातली नाही. जेथे ते थांबले, ती जागा पंढरपूरइतकीच पवित्र मानली गेली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून रात्री हे पुस्तक उघडता. काहींच्या वाट्याला त्याखेरीज असे एखादे शरीर किंवा मन आले असेल, ज्याला त्याच कामासाठी इतरांपेक्षा अधिक खर्च करावा लागतो. अभ्यासाचे वेळापत्रक आखताना विसाव्याच्या वेळा आधी लिहा आणि अभ्यास त्यांच्या मधल्या जागेत बसवा. आठवडाभर एका वहीत दोनच गोष्टी नोंदवा: कोणत्या कामानंतर शीण येतो आणि कशाने तो उतरतो. आठवड्याच्या अखेरीस तुम्हाला तुमच्या वाटेवरचे विसावे दिसू लागतील. ते घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. त्या विद्यार्थिनीच्या आईने नातेवाइकांना एकदा स्पष्टपणे सांगितले, “सोमवार तिचा विसाव्याचा असतो, मंगळवारी या.” त्या एका वाक्याने जे साधले, ते कोणत्याही औषधाने साधले नसते. ती पदवीच्या तिन्ही वर्षांना उत्तीर्ण झाली.

आमच्या केंद्रावर आता दर चाळीस मिनिटांनी दहा मिनिटे सर्वांनाच थांबायला मिळते. मागच्या खोलीत एक सतरंजी अंथरलेली असते, दिवा बंद असतो आणि तेथे बोलायचे नाही असा नियम आहे. आरंभी ती खोली रिकामी असे. हल्ली तिथे गुडघे दुखणाऱ्या अंगणवाडी सेविका येतात, रात्रपाळी करून आलेला एक कामगार येतो, कधी मीही जाऊन पाठ टेकते. माझ्या पायांतून गेलेले बळ परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. गेल्या दोन वर्षांत ते आणखी कमी झालेले नाही, एवढे मात्र खरे. मी आता खुर्चीत बसून शिकवते. ध्वनिनियमांचा तास पूर्वी दोन आठवड्यांत संपे, आता त्याला तीन लागतात, आणि विद्यार्थी पूर्वीपेक्षा अधिक प्रश्न विचारतात.